बाग बंद होईपर्यंत

१ एप्रिल

आज बाग उघडली. काल फोनवर सांद्रीनशी पुन्हा वाजलं. पोटची पोर असून वकिलासारखी बोलते. शेवटी ठरलं ते असं: बाग उघडी आहे तोवर तिची आई, मोरिसेत, माझ्याजवळ घरी राहील. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सर्व संतांच्या सणाला, बाग हिवाळ्यासाठी बंद होते. तोवर मोरिसेतमध्ये सुधारणा दिसली नाही तर नदीपलीकडच्या वृद्धाश्रमातली खोली घ्यायची. मी ताबडतोब हो म्हटलं, कारण मला खात्री आहे. डॉक्टर तिला कागदावर घड्याळ काढायला सांगतात आणि काटे चुकले की मान हलवतात. तिने जन्मात कधी घड्याळ बघून काम केलं नाही, हे त्यांना कोण सांगणार?

ही वही सांद्रीनला दाखवायची म्हणून लिहायला घेतली आहे. स्टेशन ते गाव अशी बस चालवण्यात माझं आयुष्य गेलं. हाताला स्टिअरिंगची सवय आहे, पेनाची नाही. पण पुरावा हवा तर पुरावा देतो.

५ एप्रिल

आज तिला बागेत नेलं. दारं उघडायच्या आधी, बाजूच्या फाटकाने. जुन्या माणसांना तेवढी मुभा आहे. मुख्य माळी यानिक स्वतः आला. तो विशीत होता तेव्हा मोरिसेतने त्याला कात्री धरायला शिकवली. त्याने तिच्या गालांना गाल लावले आणि म्हणाला, “मोरिसेतबाई, तुमच्याशिवाय बाग ओकीबोकी वाटते.”

“मग केस का नाही विंचरलेस?” ती म्हणाली. सगळे माळी हसले. हे घ्या, लिहून ठेवलं, सांद्रीन!

या बागेचा एक रिवाज आहे. पाहुणे आत येण्याआधी एकूण एक कोमेजलेलं फूल खुडायचं. तळ्यात माळी होडी घेऊन उतरतात, कमळाच्या पानांवरची धूळ धुतात, सुकलेलं काढतात. ज्याच्या जिवावर आमचं गाव जेवतं तो चित्रकार तळं स्वच्छ लागतं म्हणून हट्ट धरायचा म्हणे. गावात त्याला सगळे दाढीवाला म्हणतात. तो गेला, पण शिस्त राहिली. जगभरातून माणसं येतात आणि त्यांना इथे मेलेली पाकळी दिसत नाही. मोरिसेतने हेच काम केलं, हाताला चरे पडेपर्यंत.

यानिकने तिला कोंबड्यांच्या खुराड्यामागचा वाफा दिला. “हा तुमचा. इथे दुसरं कोणी हात लावणार नाही.” केवढा मान! पाहुणे तिकडे फिरकत नाहीत एवढंच.

तिने सुकलेले पॅन्सी पटापट खुडले. मला वाटलं होतं त्याहून किती तरी निघाले. सकाळच्या फेरीत एवढे कसे राहिले माळ्यांच्या हातून? तिची नजर अजून त्यांच्यापेक्षा तेज आहे, दुसरं काय.

१९ एप्रिल

वाईट आठवडा. आंघोळीला नेताना तिने मला मारलं. मग स्वतःच रडली. मीही न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहिलो, टॉवेल मांडीवर घेऊन. पण बागेत गेलो की सगळं ठीक होतं. औषध वगैरे झूट आहे.

परत येताना म्हणाली, “अहो बसवाले, तुमची बस वेळेवर असते हं.” लग्नाआधीपासून ती मला ‘ए बसवाल्या’ म्हणते. आता थट्टेत ‘अहो’ लावते. हसत हसत घरी आलो.

१४ मे

आज तिला दाढीवाल्याचं घर दाखवलं. यानिकने आत बोलून ठेवलं होतं, म्हणून गर्दीच्या आधी गेलो. पूर्वी ती सगळे दिवस मातीत असायची, घरात क्वचितच जायची. पिवळ्या जेवणघरात आलो. पिवळ्या भिंती, पिवळ्या खुर्च्या, टेबल मांडलेलं, पांढऱ्या-निळ्या बशा. दोरीच्या अलीकडे उभं राहून बघायचं.

तिने बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाली, “जेवायला कोणी का येत नाही?”

“ते गेले गं सगळे. कधीच.”

“मग ताटं कोणासाठी मांडली?”

ती दोरीला धरून हाका मारायला लागली, “या हो! सूप गार होतंय! या!” घरात राखणीला असलेली बाई धावत आली. बिचारीने समजूत घातली, “येतील हं आजी, हात धुतायत.” मोरिसेतने दोरी सोडली. बाहेर पायरीवर आल्यावर तिने माझी बाही घट्ट धरली आणि म्हणाली, “या घरात कोणीच नाही हो. नुसतं मांडून ठेवलंय.”

लोकांची काळजी करणं तिच्यातून गेलेलं नाही. तेही लिहून ठेवतो. मात्र ते वाक्य डोक्यातून जात नाही.

२ जून

खुराड्यामागच्या वाफ्यातले पिओनी यंदा फुललेच नाहीत. इतरत्र बशीएवढी फुलं आणि हिच्या वाफ्यात नुसता पाला. यानिकला टोमणा मारला, “काय रे, खत विकून खाल्लंस का?”

तो कात्री पुसत म्हणाला, “जमीन वाईट आहे काका तिथली. राहू द्या.”

आमच्या वेळी मुख्य माळी जमिनीला दोष देत नसत.

३ ऑगस्ट

सांद्रीन आली आहे चार दिवस. आल्या आल्या तिने फ्रिज उघडला. आत मोरिसेतचा चष्मा आणि माझी एक चप्पल निघाली. “बाबा!” म्हणाली. मी म्हटलं, उन्हाळ्यात गारवा बरा वाटतो. ती हसली नाही. रुआँ शहरात राहायला जाऊन पोरीचा विनोद मेला.

४ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही. पण पुरावा म्हणजे दोन्ही बाजूंचा.

सांद्रीनला वाटलं, आईला गावातल्या कलासंग्रहालयात न्यावं. आमच्याच रस्त्यावर, पाच मिनिटांवर. तिथे दाढीवाल्याचं मोठं चित्र आलंय, तळ्याचं. गावात सगळे सांगत होते. गर्दी होती. मोरिसेत शहाण्यासारखी माझा हात धरून चालत होती. जाता जाता ती सांद्रीनला म्हणाली, “हे गृहस्थ फार चांगले आहेत हो. त्यांना पगार नीट मिळतो ना?”

सांद्रीनचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, “पगार कसला, जेवणावर ठेवलंय!” ही तिची जुनी खोड आहे, सांद्रीनला माहीत नाही.

मग ते चित्र समोर आलं. सगळं पाणी, आणि पाण्यावर कमळं. मोरिसेतने माझा हात सोडला. चेहरा असा उजळला की काय सांगू, लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हता. ती पुढे गेली, वाकली, आणि चित्रातल्या एका तपकिरी डागाकडे अंगठा आणि बोट नेलं. खुडायला. बागेत करायची तसंच, नखाने.

घंटा वाजली. पहारेकरी ओरडला, “मॅडम! हात मागे!” आमच्याभोवतीची माणसं वर्तुळ करून मागे सरली. तिचा हात पोचला नव्हता, देवाची कृपा. पण ती घाबरली, कान झाकून म्हणत राहिली, “ते सुकलंय, लोक यायच्या आत काढायला हवं, ते सुकलंय.” मी तिला घेऊन बाहेर आलो. पहारेकऱ्याने नंतर येऊन पाणी दिलं. त्याचीही आई तशीच होती म्हणाला. तशीच म्हणजे कशी, मी विचारलं नाही.

सांद्रीन बाकावर बसून रडत होती. मी म्हटलं, “अगं, चित्रच इतकं हुबेहूब की हिच्यासारखी जाणकारसुद्धा फसली. दाढीवाल्याला याहून मोठी पावती कुठली?”

“बाबा,” ती म्हणाली, “तुला खरंच दिसत नाही, की बघायचंच नाहीये?”

मी रागावलो. तू चार दिवस येतेस, मी रोज बघतो, असं बरंच काही बोललो. आता कोणी कोणाशी बोलत नाही.

९ सप्टेंबर

डेलियांचा बहर आहे. मधल्या वाटेवर नुसता जाळ लागल्यासारखा रंग. खुराड्यामागे मात्र एक फूल नाही. रोपं खांद्याएवढी, हिरवीगार, आणि फूल नाही.

घरी तिचा एप्रन धुवायला घेतला. खिसा कडक लागला. आत हात घातला तर कळ्या. डेलियाच्या, गोल, टणक, कोटाच्या बटणासारख्या. मूठभर.

डेलियाचं असं असतं की कळी आणि सुकून मिटलेलं फूल लांबून सारखंच दिसतं. नवे माळी हमखास चुकतात. कळी खुडतात आणि मेलेलं ठेवतात. मोरिसेत प्रत्येक नव्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची, आणि जेवताना मलाही, इतक्यांदा की मी बसमध्ये पाहुण्यांना ऐकवायचो: “गोल असेल ते यायचंय. टोकदार असेल ते होऊन गेलंय.”

खिशात सगळ्या गोल होत्या.

खूप वेळ विचार केला. मोठं फूल यावं म्हणून बाजूच्या कळ्या मुद्दाम काढतात, तेही तिनेच सांगितलं होतं. तेच करत असणार. प्रदर्शनाच्या फुलांना करतात तसं. नक्कीच.

कळ्या कोंबड्यांना टाकल्या. एप्रन धुतला.

२७ सप्टेंबर

संपलं.

सकाळी यानिकशी बोलता बोलता माझी नजर हटली तेवढ्यात ती मधल्या वाटेवर पोचली होती. दाराबाहेर रांग लागलेली. आम्ही धावलो. ती भराभर चालली होती, कात्री चालवत, दोन्ही बाजूंनी, आणि वाटेवर मागे कळ्यांचा सडा. येत्या महिनाभराची सगळी फुलं. मेलेली जागच्या जागी. आम्हाला बघून ती वळली. घामाघूम आणि इतकी खुश! “झालं बघा,” म्हणाली, “आता उघडा दार.”

यानिकने तिच्या हातून कात्री घेतली आणि म्हणाला, “छान झालं, मोरिसेतबाई. अगदी स्वच्छ.” मग माळ्यांनी गुडघ्यावर बसून सगळं गोळा केलं, दार उघडायच्या आत.

ती बाकावर बसली होती तेव्हा मी त्याला धरलं. “कधीपासून?”

“काका, राहू द्या ना.”

“कधीपासून, यानिक?”

“मे महिन्यापासून. पिओनीच्या कळ्यांपासून.” त्याने टोपी काढली. “तो वाफा मुळात आडबाजूला म्हणूनच दिला होता. रोज तिथलं थोडं सुकलेलं आम्ही मुद्दाम ठेवायचो त्यांच्यासाठी, इकडचं तिकडून आणूनसुद्धा टाकायचो. पहिल्यांदा तेवढंच खुडायच्या त्या. मग दोन्ही. मग नुसत्या कळ्याच.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही इतके खुशीत असायचात, काका.”

या बागेत मेलेली पाकळी दिसू नये म्हणून माणसं पहाटेपासून राबतात, आणि त्यांनी सहा महिने माझ्यासाठी मेलेली फुलं पेरली. मी वर खताच्या गप्पा मारत होतो.

३ ऑक्टोबर

काही लिहावंसं वाटत नाही.

८ ऑक्टोबर

मागची पानं वाचली. सांद्रीनला दाखवायला लिहिली होती ना? एकेका ओळीखाली माझा मूर्खपणा दिसतो. कोणी न्यायाधीश ही वही बघेल तर निकाल द्यायला त्याला पान उलटावं लागणार नाही.

मी थकलो आहे. आज तिने सूप भिंतीवर फेकलं आणि मला क्षणभर वाटलं, ही झोपेत गेली तर बरं. हे लिहिलंय, खोडणार नाही.

१२ ऑक्टोबर

दुपारी ती कोट घालून खिडकीशी उभी. कुठे निघालीस विचारलं.

“माझा नवरा न्यायला येतोय. बस घेऊन.”

मी नेहमीसारखा हसणार होतो. पण आता हसू येत नाही. म्हटलं, “मोरिसेत, मीच तो. आन्सेल्म. बघ माझ्याकडे.”

तिने बघितलं. मग मागे सरली, भिंतीला टेकली. “तुम्ही म्हातारे आहात. माझ्या अंगाला हात लावू नका. तो आला की सांगेन त्याला.”

एप्रिलपासूनचं ‘अहो’ मला तेव्हा कळलं. थट्टा नव्हती ती. तिला मी कोणी परका भला माणूस वाटत होतो. आंघोळीला नेणारा परका. तिने मारलं नसतं तर काय केलं असतं?

मी बाहेर गेलो. खुंटीवरची बसची जुनी टोपी घातली, दार वाजवून आत आलो आणि म्हटलं, “ए मोरिसेत, चल, बस सुटतेय.”

“ए बसवाल्या! किती वेळ लावलास!” ती धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. कितीतरी महिन्यांनी. आम्ही तसेच उभे होतो. मग टोपी घसरली, खाली टक्कल निघालं, आणि तिने मला हळूच दूर केलं. “माफ करा हं,” म्हणाली, “मला वाटलं...”

रोज टोपी घालावी का? रोज तिला नवरा द्यायचा आणि रोज काढून घ्यायचा? मला ते जमणार नाही. सांद्रीनला फोन केला. “खोली घे,” म्हटलं. ती जिंकली म्हणून एक शब्द बोलली नाही.

१ नोव्हेंबर

बाग बंद झाली. सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन कबरस्तानात चाललं होतं. मोरिसेत खिडकीतून बघत म्हणाली, “एवढ्या शेवंत्या! कोण गेलं हो?”

“कोणी नाही,” मी म्हटलं.

४ नोव्हेंबर

तिला पोचवून आलो. पेटी भरताना एप्रन ठेवावा की नाही कळेना. ठेवला. खोलीतून नदी दिसते. ती पलंगावर बसली, हात मांडीवर, पाहुण्यासारखी. मी निघालो तेव्हा म्हणाली, “सांभाळून जा हं.” रडली असती तर बरं झालं असतं.

घरी आता आवाज होत नाही. फ्रिजमध्ये दूध आहे आणि लोणी आहे, बाकी काही नाही.

१८ नोव्हेंबर

थंडीने डेलिया काळे पडायच्या आत यानिकने कंद उपटायला घेतले. त्याआधीची शेवटची फुलं कापून त्याने मला दिली. जुडगा मोठा होता. उमललेलं, सुकून मिटलेलं, कळी, सगळं एकत्र. “असू दे तसंच,” म्हणाला. “त्यांच्या हाताला काम.”

ती खिडकीशी बसली होती. फुलं मांडीवर ठेवताच बोटं चालायला लागली. मी शेजारी खुर्ची घेतली. टोपी घातली नव्हती.

तिने माझ्याकडे वर बघितलं. “नवीन आहात का?”

“हो,” मी म्हटलं.

“घाबरू नका. पहिल्यांदा सगळे चुकतात. इकडे या.” तिने एक कळी माझ्या बोटांत दिली, गोल, टणक. मग एक सुकलेलं, मऊ, टोकदार. माझी बोटं स्वतःच्या हाताने दाबून फरक दाखवला. “कळला फरक? गोल असेल ते होऊन गेलंय. टोकदार असेल ते यायचंय. नीट लक्षात ठेवा.”

आयुष्यभर मी लोकांच्या चुका काढत आलो. बसमध्ये, बागेत, फोनवर पोरीच्या. तोंड उघडलंच होतं.

“लक्षात ठेवीन, बाई,” मी म्हटलं.

मी कळ्या खुडत गेलो, ती बघत होती. एकदोनदा तिने मान डोलावली. सगळ्या कळ्या संपल्या, मांडीवर नुसती मेलेली उरली, तेव्हा ती समाधानाने मागे टेकली.

“हात चांगला आहे तुमचा,” म्हणाली. “लग्न झालंय?”

“झालंय.”

“मग इथे काय करताय? अंधार पडायला आला. जा घरी, ती वाट बघत असेल.”

मी कोट घातला आणि घरी आलो.